पिवळी काच

आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खाचांमध्ये कॅमेऱ्याचे रोल बसवलेले असायचे. गरम हवेनं ते बिघडतात, म्हणून त्यांची जागा आत आणि लिंबं बाहेर टोपलीत सुकत पडलेली. सासूबाई म्हणायच्या, या घरात पोरीच्या रोलांना थंडावा आहे, म्हातारीच्या दुधाला नाही. वन्सं हसायच्या, हवा तो रोल काढायच्या आणि खाली जायच्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. यांच्याहून धाकटी, माझ्या दिरांहून मोठी. त्यांचं लग्न आधी जमलं नाही, मग जमवायचं राहिलं, मग कुणी विषय काढेना. रस्त्याकडच्या खालच्या खोलीत त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. एक मोठी खिडकी, तिला पांढरा पडदा, समोर स्टूल, आणि मागच्या मोरीला काळा कागद चिकटवून केलेली डार्करूम. एवढ्यावर त्यांनी सारं आयुष्य काढलं.

गिऱ्हाईक आलं की त्या लगेच कॅमेऱ्याला हात लावत नसत. बसवायच्या, कुठून आलात, फोटो कुणाला द्यायचा, असं विचारत राहायच्या आणि तोंडाकडे बघायच्या. मग वर येऊन फ्रिज उघडायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, पाणी प्यायला आल्या. एखाद्या मुलीच्या गालावर लाल पुरळ असलं तर काळा-पांढरा रोल आणि भिंगावर नारिंगी काच. त्या काचेतून लाल डाग जवळजवळ पुसले जातात. गोदामातला हमाल आला तर चारशे स्पीडचा, जाड कणांचा रोल, कारण त्याच्या कपाळावरच्या रेघा गुळगुळीत रोलवर मरतात, असं त्यांचं म्हणणं. चुळबुळ्या पोरांनाही चारशेचाच. नवे कपडे घालून ऐटीत आलेल्यांना शंभराचा रंगीत. कुणी आपली पसंती सांगायला गेलं तर म्हणायच्या, कपडे तुम्ही निवडलेत ना, आता रोल मला निवडू द्या.

मी एकदा म्हटलं, वन्सं, हे खोटं नाही का? तर म्हणाल्या, "वहिनी, पाहुणे आले की तुम्ही फाटकी उशी आत नेता. तेवढंच मी करते."

पटलं मला. देवासमोर जातानासुद्धा आपण तोंड धुऊनच जातो.

माझे दीर मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होते. घरात सगळ्यांत धाकटे, आणि सासूबाईंचा जीव त्यांच्यात. वर्षातून एकदा सुट्टी मिळायची, ती कधी घ्यायची ते त्यांनी ठरवायचं. ते आले की सासूबाईंच्या पायात बळ यायचं, गेले की त्या पुन्हा पलंगावर.

त्या वर्षी सासूबाई खऱ्याच आजारी पडल्या. आधी अन्नावरची वासना गेली, मग अंग पिवळं पडलं, मग डोळे. डॉक्टर म्हणाले यकृत बिघडलंय, औषधानं उतरेलही, नाहीही, वयाकडे बघता मी शब्द देत नाही. यांनी दिरांना पत्र लिहायला घेतलं तर सासूबाई उशीला टेकून बसून राहिल्या. जरा बरं नाही, एवढंच लिही म्हणाल्या. ही फेरी पुरी केली की त्याला बढती आहे, माझ्या दुखण्यापायी ती घालवू नका.

दिरांचं उत्तर आलं. पुढच्या बंदरात उतरून घरी येता येईल. तिथं नाही उतरलो तर जहाज लांबच्या फेरीला लागतं, मग अर्धं वर्ष येणं नाही. फोनवर तुम्ही सगळे ठीक आहे, ठीक आहे म्हणता. ताईनं काढलेला आईचा एक फोटो बंदरावरच्या पत्त्यावर पाठवा. बघितला की मी ठरवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना धरून मी खाली नेलं. वन्संनी कॅमेऱ्यात आधीच रोल घातला होता. मी पाहिलं तर रंगीत. एरवी म्हाताऱ्या माणसांना त्या रंगीत वापरत नसत, म्हणून मी विचारलं. हळूच म्हणाल्या, तो फोटो बघून ठरवणार आहे ना वहिनी, मग आहे ते दिसू दे.

सासूबाई स्टुलावर बसल्या. केस सारखे करायला त्यांनी आरसा मागितला. आजारपणात आम्ही त्यांच्या हाती आरसा दिला नव्हता, त्या वेळी मात्र ते ध्यानात आलं नाही आणि मी तो दिला. त्यांनी केसांना हात लावला नाही. एका बोटानं खालची पापणी ओढून बघत राहिल्या.

"हे डोळे त्याला नको दाखवू," त्या म्हणाल्या.

"आई, त्याला कळायला हवं."

"आल्यावर कळेल. इतक्या परक्या बायांची तोंडं तू नीट करून दिलीस. मी तर तुझी आई आहे."

वन्सं कॅमेरा हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो रोल उलटा गुंडाळला. अर्धवट वापरलेला रोल काढताना त्या फिल्मची जीभ बाहेर ठेवायच्या, तिचा कोपरा दुमडायच्या, म्हणजे पुन्हा घालताना ओळखू येतो. तसं करून तो त्यांनी मला फ्रिजमध्ये ठेवायला दिला आणि काळा-पांढरा घातला. इथवर मला समजलं. मग त्यांनी खण उघडला, एक पिवळी काच काढली, फुंकर मारून पदरानं पुसली आणि भिंगावर बसवली. ती कशाला ते मी विचारलं नाही. सासूबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या आणि वन्संनी फोटो काढला.

संध्याकाळी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागदावर सासूबाई उमटायला लागल्या. आधी केस, मग नाकाची कड, मग डोळे. डोळे पांढरेशुभ्र होते. गालावर उजेड होता. पिवळ्या काचेतून पिवळं पांढरं दिसतं, हे मला तेव्हा कळलं. वन्सं चिमट्यानं कागद हलवत होत्या.

फोटो हातात घेऊन सासूबाई म्हणाल्या, अगं, मी तर बरीच झाले की. शेजारची आली, तिनंही तेच म्हटलं. आणि खरं सांगते, आम्हालाही थोडं खरं वाटलं. रात्री मी देवाला हात जोडले आणि आभारसुद्धा मानले.

बंदरावरून दिरांचा फोन आला. फोन पलंगापाशीच होता, सासूबाईंनीच उचलला. भावजींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. आई, तू तर माझ्यापेक्षा टवटवीत दिसतेस, मी उगाच घाबरलो, ही फेरी करूनच येतो. वन्संनी फोन घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी तो दिला नाही. सांभाळून राहा म्हणाल्या आणि खाली ठेवला. वन्सं बाहेर जिन्यात जाऊन बसल्या. मी चहा नेला, तो तिथंच गार झाला.

जहाज समुद्रात असतानाच सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी त्यांना वाटायचं, धाकटा खालच्या दारापर्यंत आलाय, कुणी कडी काढत नाही. मी जाऊन कडी वाजवून यायचे, म्हणजे त्या शांत व्हायच्या.

दिरांना निरोप मिळून ते घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात तो फोटो, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. जहाजावर सगळ्यांना दाखवायचो म्हणाले. आमचा खानसामा म्हणायचा, तुझ्या आईचे डोळे काय पाणीदार आहेत. मग यांनी त्यांना आजाराचं सगळं सांगितलं, अंग आणि डोळे कसे पिवळे झाले होते, तेही. भावजी फोटोकडे बघत राहिले.

"ताई, मग इथे डोळे पांढरे कसे?"

मला वाटलं, आता वन्सं सांगतील की आईनंच गळ घातली. मी साक्षीला होते, मीही बोलले असते. पण त्या म्हणाल्या,

"काळा-पांढरा रोल आईनं मागितला. पिवळी काच मी लावली. ती कुणी मागितली नव्हती."

"का लावलीस?"

"हाताला सवय. चांगला फोटो यावा म्हणून."

"नुसत्या रोलवर मला कळलं असतं?"

"डोळ्यांत काहीतरी मळकट दिसलं असतं. तू माझे फोटो ओळखतोस. तू विचारलं असतंस."

"मी उतरलो असतो ताई."

"हो," वन्सं म्हणाल्या.

भावजींनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पुढचे दिवस दोघं एका पंगतीला बसायची, एकमेकांना पाणी द्यायची, पण बोलणं माझ्यामार्फत. वहिनी, ताईला विचारा पंखा लावू का. वहिनी, त्याला सांगा टॉवेल वाळलाय.

जायच्या आदल्या दिवशी त्यांना जहाजाच्या नव्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मला वाटलं दुसरीकडे काढतील. पण ते खाली जाऊन स्टुलावर बसले. रडून रडून त्यांचे डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. असं कुणी आलं की वन्सं हमखास म्हणायच्या, तोंड धुऊन या, घटकाभर बसा. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

त्यांनी भावाला विचारलं, कुठला घालू? गिऱ्हाइकाला असं विचारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आहे ते दिसेल असा," भावजी म्हणाले.

वन्सं वर आल्या, फ्रिजमधून दुमडलेल्या कोपऱ्याचा तो रोल काढला. आईसाठी घातला होता तोच. भिंगावर काही लावलं नाही. फोटो काढला आणि कॅमेरा ठेवताना तो टेबलावर आपटला.

रंगीत रोल बाहेर धुवायला द्यावा लागे, म्हणून प्रिंट आल्या तेव्हा भावजी निघून गेले होते. आम्ही त्या पाठवल्या. त्यांत ते जसे होते तसेच आले होते, बघवत नव्हते.

पिवळी काच वन्संनी डबीत घालून खणाच्या मागं सारली, नारिंगीही. स्टुडिओ त्यांनी बंद केला नाही. पण जुनी गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली, की ताई, आता पूर्वीसारखे फोटो येत नाहीत. वन्सं म्हणायच्या, आता तुमच्यासारखे येतात. माणसं हसायची आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जायची.

सासूबाईंचा तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. घरात दुसरा चांगला नाहीच. येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय प्रसन्न आलाय. तेवढं ऐकून वन्सं उठून आत जातात. मी रोज सकाळी तो पुसते, आणि देवाजवळ दोघा भावंडांसाठी जे मागायचं ते मागते.

भावजी अजून पत्रं पाठवतात. ताईला जपा म्हणतात. घरचा फोटो त्यांनी पुन्हा कधी मागवला नाही.