इलोना मॅडमचा बो

मॅडम गेल्या. बसल्या जागी, खुर्चीतच.

सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा मीच बघितलं पहिलं.

आमच्या गल्लीतल्या व्हायोलिनवाल्या इलोना मॅडम. हंगेरीच्या. तिकडं मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवायच्या, भिंतीवर फोटो आहेत. साहेब आपले गडहिंग्लजचे, तिकडं शिकायला गेलते. लग्न करून त्यांच्यामागं मॅडम कोल्हापुरात आल्या, त्या आल्याच. साहेब वारले तरी परत गेल्या नाहीत.

निम्म्या कोल्हापूरच्या पोरांना शिकवलं. लाडबीड काही नाही.

"सूर खोटा हाय. पुन्यांदा."

डॉक्टरचं पोर असू दे, रिक्षावाल्याचं असू दे. पुन्यांदा!

मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला. बोटं सुजून वाकडी झाली तसं त्यांचं स्वतःचं वाजवणं बंद झालं. व्हायोलिन पोरांच्या हातात, मॅडम नुसत्या तोंडानं शिकवायच्या.

बो म्हणजे व्हायोलिनवर फिरवायची काठी. तिच्यावरचे घोड्याचे केस स्क्रूनं आवळायचे, वाजवून झालं की ढिले करायचे. मॅडमना स्क्रू फिरंना. मग ते काम माझ्याकडं.

"उद्या परत आवळायचाच हाय की मॅडम. रोज कशाला ढिला?"

"सारखा ताणून ठेवला की वाकडा होतोय. तूबी जरा ढिली हो गं शालन."

वर हसायच्या.

काल संध्याकाळी निघताना मी बो उचलला, तर म्हणाल्या, "राहू दे आवळलेला. आज मी वाजवणार."

"ह्या बोटांनी?"

"ह्याच बोटांनी. जा तू घरी."

आज बघते तर व्हायोलिन पोटाशी, बो मांडीवर.

शेजारच्या वहिनी सांगत होत्या, दिवेलागणीला वाजत होतं. चार सूर वाजायचे, थांबायचं. परत तेच चार सूर. परत तेच.

स्वतःलाच पुन्यांदा म्हणत असणार. दुसरं काय.

"शेवटी जमलं का हो वहिनी?"

"मला काय कळतंय त्यातलं शालन. थांबलं, एवढंच."

माणसं जमली. उचला, उचला, ऊन व्हायला लागलं. मी ओरडले, "थांबा की जरा!"

बो हातात घेतला. तसाच आवळलेला. रोजचा स्क्रू, पण सापडंना. तरी पूर्ण ढिला केला.

मग म्हटलं, उचला आता.

झोपा मॅडम. बो ढिला केलाय.