उकिरड्यातली अंडी

गुरुवार, २१ मे १९९८. सकाळचे साडेसात वाजले होते. पेरणीपूर्वी शेणखत शेतात जावे म्हणून आम्ही गोठ्यामागचा उकिरडा उपसत होतो. तांड्यावरचा थावरू खोऱ्याने खत ओढत होता आणि माझी सून सुमन पाट्या भरत होती. एकाएकी थावरू मागे सरला. खताच्या उबेत पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली अकरा अंडी होती.

"नागाची हायेत, मालक," तो म्हणाला. "काडी लावा. पिल्लं निघाली तर अंगणात लेकरू खेळू देणार न्हाईत."

"नागाची काहून?" सुमनने विचारले.

'काहून', म्हणजे 'का', हा तिचा शब्द होता. डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या खेड्यात ती लग्न होऊन आली, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. माझ्यासमोर तिने डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि प्रश्न विचारणेही कधी सोडले नाही. मी भूमापन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मला उलट विचारण्याची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. सुमन दाराआड उभी राही आणि विचारी, "मामा, हे असंच काहून?" उत्तर नसले की मी वर्तमानपत्र उघडत असे. "ठीक हाय, सवडीनं सांगा," असे म्हणून ती जाई. सवड झालेली दिसली की पुन्हा येई.

तिचे माहेर जवळा बाजारचे. सासरी येताना तिने भांड्यांबरोबर चार कोंबड्याही आणल्या. माझी पत्नी गंगाबाई हिला ते रुचले नाही. परंतु खुडूक कोंबडी ओळखणे, तिच्याखाली अंडी बसवणे, कोणते अंडे भरले आणि कोणते वांझ हे दिव्यापुढे धरून सांगणे, यात सुमनचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. वर्षभरात शेजारणी तिला बोलवायला येऊ लागल्या. गंगाबाई त्यांना बसायला पाट देऊ लागली.

तर उकिरड्यापाशी सुमनने खोरे अडवले. आमच्या कडब्यात दोन वर्षांपासून एक धामण राहत होती. ती आल्यापासून बियाण्याच्या पोत्यांना उंदीर लागला नव्हता. अंडी तिचीच, असे सुमनचे म्हणणे पडले.

गंगाबाई अंगणातून म्हणाली, "धामणीची असली म्हणून काय झालं? धामण नागाचीच बायको. पोरं बापावर जाणार."

"आत्याबाई, त्यांचं लगीन कुणी पाहिलं?"

थावरू हसला. गंगाबाई हसली नाही. आमच्या भागात ही समजूत पक्की होती. तिच्यापायी दिसेल ती धामण ठेचली जात असे. आदल्या वर्षी देवळामागे लोकांनी एक मारली, तेव्हा तिच्या पोटातून अर्धा गिळलेला उंदीर निघाला होता. सुमन ते पाहून आली आणि त्या दिवशी जेवली नाही. धामणीत नर आणि मादी दोन्ही असतात, असे तिच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितले होते. तिने स्वतः ते पाहिलेले नव्हते. ही अंडी घालताना धामणीलाही कोणी पाहिलेले नव्हते.

"मी उबवते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर फुटू द्या. मग ठरवा."

"एक जरी फडा काढून निघालं," गंगाबाई म्हणाली, "तर त्या दिवशी तू माहेरी. परत यायचं न्हाई."

"न्हाई येणार."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पाट्या भरा. ऊन चढत आहे." माझा मुलगा माधव एस.टी.त वाहक होता. रात्री घरी आल्यावर त्याने सर्व ऐकले आणि म्हणाला, "मला यात ओढू नका." बायकोला ओळखण्याइतका तो शहाणा होता.

सुमनने काठ फुटलेला एक जुना माठ घेतला. त्यात त्याच उकिरड्यातले मुरलेले खत भरले, अंडी ठेवली, वर ओलसर फडके बांधले आणि माठ पडवीच्या कोपऱ्यात ठेवून त्यावर जड पाटा ठेवला. इथवर तिचे बरोबर होते. पुढे मात्र ती कोंबडीच्या हिशेबाने वागली. चिकटलेली अंडी सुटी करून, प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढून ती रोज सकाळी अंडी उलटू लागली. थोड्याच दिवसांत चार अंडी पिवळी पडून खचली आणि त्यांना वास सुटला.

तिने खचलेली अंडी काढून टाकली. मग मोठ्याने म्हणाली, "कोंबडीला पाय हायेत, चोच हाय. ही बया कशानं उलटणार? शेपटीनं?" त्या दिवसापासून तिने अंड्यांना हात लावला नाही. खत वाळले तर कडेने पाणी शिंपडावे, एवढेच ती करी. उरलेली सात अंडी टिकली. चूक झाल्यावर रडत न बसता चुकीला प्रश्न विचारणारी माणसे मी नोकरीत फार थोडी पाहिली.

आषाढातल्या एका सकाळी तिने हाक मारली. अंड्यांच्या सालीला सुरीने दिल्यासारख्या चिरा पडल्या होत्या आणि एका चिरेतून इवलेसे तोंड बाहेर आले होते. निम्मे गाव पडवीत लोटले. दुपारी पहिले पिल्लू बाहेर सरकले. गर्दी पाहून त्याने मान फुगवली.

"फडा! फडा काढला!" आमचे शेजारी बाबाराव ओरडले.

गंगाबाईने तोंडावर पदर घेतला. सुमनने पिल्लू उचलून हातात धरले. "काका, नीट बघा. फडा आडवा पसरतो. हे उभं फुगलंय, गालगुंड झाल्यावानी. नागाला असतो तसा दहाचा आकडा तरी कुठं हाय पाठीवर?" एवढ्यात पिल्लाने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आले.

मी तिचे बोट पाहिले. बारीक टोचे ओळीने उमटले होते. दोन दातांची खूण नव्हती. तरीही मी थावरूला जीप आणायला पाठवले आणि सुमनला म्हणालो, "कळमनुरीला दवाखान्यात चल."

"मामा, मी गेले तर हे लोक म्हणतील, नागच व्हता. इथंच बसू द्या."

मी जीप दाराशी उभी करायला लावली.

गंगाबाई धावत जाऊन कडुलिंबाचा पाला घेऊन आली. विष चढले तर पाला गोड लागतो, असे म्हणतात. तिने तो सुमनच्या तोंडात कोंबला. "चाव! गोड लागला का गं? खरं सांग, माझी शपथ हाय!"

सुमनने चावला आणि तोंड वाकडे करून थुंकला. "कडू! लई कडू, आत्याबाई!"

पडवी हसली. गंगाबाई हसता हसता रडली. ही परीक्षा भरवशाची नाही, हे मला ठाऊक होते. मी खुर्ची ओढून सुनेसमोर बसलो. नागाच्या विषाने पापण्या जड होतात. मी तिच्या पापण्या पाहत होतो.

"अशे टक लावून काहून पाहता, मामा?"

"बस," मी म्हणालो.

दिवेलागणीपर्यंत ती तिथेच बसली आणि उरलेली सहा पिल्ले तिने मोजून घेतली. एकाच्याही पाठीवर आकडा नव्हता. अंधार पडण्यापूर्वी थावरूने स्वतः माठ उचलला आणि पिल्ले शेताच्या धुऱ्यावर सोडून आला. जाताना बाबाराव म्हणाले, "सूनबाई, आमच्या कडब्यात एखादी सोडायची व्हती." त्यानंतर आमच्या आळीत धामण मारलेली मी पाहिली नाही. गंगाबाई बाजारात ओळखीच्या-अनोळखी बायकांना सांगे, "आमच्या सुनेनं उबवली." मला बढाई आवडत नाही, ती मात्र मी कधी थांबवली नाही.

सुमन २००६ साली गेली. पोटाचे दुखणे होते. शेवटच्या महिन्यातही ती डॉक्टरांना प्रत्येक गोळीविषयी "ही काहून?" असे विचारीत असे आणि ते उत्तर देत असत. तिच्यासारखे माणूस आमच्या घरात आले, हा आमच्या घराचा मान होता. हे मी तिला सांगितले नाही.

त्या आषाढातल्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. जीप परत पाठवून मी आत आलो, तेव्हा सुमनच्या खोलीच्या उंबऱ्याशी तिची पत्र्याची पेटी दिसली. कुलूप लावलेली, दोरीने आवळलेली. पहाटेच, अंडी फुटण्यापूर्वी, तिने ती भरली असावी. सुमन स्वयंपाकघरात होती. गंगाबाई तिला भाकरी करू देत नव्हती, त्यावरून दोघींची हुज्जत चालली होती. मी पेटी उचलली. चांगलीच जड होती. ती आत नेऊन मी दोरी सोडून खुंटीला अडकवली आणि पेटी पलंगाखाली भिंतीपर्यंत सरकवली.