सुपाचा चोथा

आईला घशाचा आजार झाला तेव्हा मी तिला कुडपणहून बिरवाडीला, आमच्या भाड्याच्या खोलीत आणलं. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, घट्ट काही उतरणार नाही, भाज्यांचं गाळलेलं सूप द्या, दिवसातून चार वेळा. अंगात ताकद राहिली तरच पुढचे उपचार सोसतील. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ती आधीच अवघडली होती.

दुधी, गाजर, लाल भोपळा, कोथिंबिरीच्या काड्या मी कुकरला लावायची आणि पाणी गाळून तिला द्यायची. मागे चाळणीत हा एवढा चोथा उरायचा. तो टाकायला जीव होईना. शेवटी तिचीच लेक मी. नाचणीच्या पिठात मिरची-लसूण घालून चोथा मळायचा नि थालीपिठं थापायची. कोंड्याचा मांडा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला तोरा होता.

"चोथा काय केलास गो?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. मी ऐटीत आमची ताटं दाखवली. तिने ताटं निरखून पाहिली. मला वाटलं, खूश झाली.

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धी वाटी ठेवू लागली. "बास गो, नाय जात." उरलेलं सूप मी आमच्या आमटीत ओतायची. आठवड्यात ती दोन घोटांवर आली. मी आलं घातलं, मिरपूड घातली, विनवण्या केल्या, आणि एके दिवशी तोंड सोडलं. "मी इथे राब राब राबते नि तुझे नखरे संपत नाहीत!" तिने भिंतीकडे तोंड केलं.

तपासणीला गेलो तर वजन इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी उपचार पुढे ढकलले. परतताना रिक्षात मला रडू आवरेना. तेव्हा ती बोलली.

"माझ्यापायी तुमी गुराचं खाताय. मी सोडलं तर तुमच्या आमटीत जरा तरी सत्त्व जाईल."

कुडपणला आमच्याकडे असा शिजवून पिळलेला चोथा म्हशीच्या आंबोणात जातो. माणसाच्या ताटात तो आला म्हणजे घरात काही उरलं नाही. माझी काटकसर तिला दारिद्र्य वाटली, आणि ते तिच्या आजारपणाने आणलेलं. नवऱ्याचा पगार चालू आहे, डबे भरलेले आहेत, मी परोपरीने सांगितलं. तिला पटलं नाही.

त्या संध्याकाळी मी चोथा तिच्यादेखत कचऱ्यात टाकला. तरी तिने वाटी तोंडाला लावली नाही. "तू काय खातेस ते दाव आधी." मी बांगडे आणले, कालवण केलं, तिच्यासमोर मांडी घालून बसले. माझा एक घास, तिचा एक घोट. तशी वाटी संपली.

मग रोज हेच. जिला घोट गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तिच्यासमोर मी ताट वाढून घ्यायची. भूक नसायची, लाज वाटायची, तरी घास आत ढकलायची. पण गेलेली ताकद परत आली नाही आणि उपचारांची वेळ टळून गेली. मला आठवड्याभरात कळू नये, याचा राग अजून जात नाही.

शेवटच्या दिवशी चमचाभर पाणीही उतरेना. मी वाटी बाजूला सारली. तिने माझ्या ताटाकडे बोट केलं. मी तिच्यासमोर बसून सगळा भात संपवला.