हिरवी जीप आणि आजीचा पाय

संस्थेच्या गाड्या मी सांभाळते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघतात. नाहीये हो कोणी! शहापूरच्या आमच्या छोट्या ऑफिसातून फिरता दवाखाना कुठल्या गाडीने जाईल, कुठल्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे, कुठला टायर अजून एक पावसाळा काढेल, हे सगळं माझं मीच ठरवते. चुकतेही माझी मीच.

शेणव्याच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. शेवटच्या चढाला आमची व्हॅन हात टेकायची. मग नाल्याजवळ गाडी लावायची आणि आमच्या सिस्टरने औषधांची पेटी डोक्यावर घेऊन तासभर चढायचं. त्या पाड्यावर एक आजी होत्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांना साखरेचा आजार होता आणि टाचेला जखम झाली होती. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग झालं तर जखम भरेल, नाहीतर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आजींनी सिस्टरला विचारलं होतं, "पाय गेला तं मी पानी कशी आनू गो?" पण चालत जाऊन आठवड्यातून दोनदा काही जमेना. मी म्हटलं, चढणारी गाडीच घेऊ.

नवी परवडणारी नव्हती. एका सरकारी लिलावात चारही चाकं ओढणारी जुनी जीप निघाली होती, ती बघायला मी आमच्या ड्रायव्हरकाकांना घेऊन गेले. काका मुरबाडकडचे. गाडी घेताना ते आधी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटतात आणि चालू इंजिनाचा आवाज ऐकतात. शेवटी म्हणाले, "खोकतंय, पन मरायचं नाय."

जीपचा रंग गडद हिरवा होता. काका म्हणाले, "ताई, आदी रंग काढूया का?"

"कशाला? हिरव्यावर चिखल दिसत नाही," मी म्हटलं. स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

मुरबाडच्या मिस्त्रींनी क्लचप्लेट बदलली, ब्रेक नीट केले, नवे टायर चढवले. आम्ही नारळ फोडला आणि पहिल्या खेपेला मी मुद्दाम सोबत गेले, मिरवायला. जीप चढ असा चढली की सिस्टरने टाळ्या वाजवल्या. पाड्यावर पोचलो तर चिटपाखरू नाही. एका चुलीवर भात उतू चालला होता, दोन कोंबड्या आमच्याकडे बघत होत्या, बस्स.

काकांनी कपाळावर हात मारला. "अवो ताई, जंगलातल्या गार्डसाहेबांची गाडी समजून पळाली सगळी!"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. घरोघरी पडवीत जळणाच्या मोळ्या रचलेल्या होत्या. हिरवी जीप आली की कोयता घेऊन रानात पळायचं, हे तिथे लहान पोराला बोलण्याआधी कळतं. आणि एवढी वर्षं या भागात फिरून मला ते सुचलं नव्हतं!

आम्ही आजींना शोधायला निघालो. त्या बांबूच्या बेटामागे बसल्या होत्या. त्या पायाने पळाल्या होत्या. पट्टी रक्ताने भिजलेली. मला बघून म्हणाल्या, "तू हाय व्हय! मंग आदी सांगायचं ना गो!" कडेने जरा भरू लागलेली जखम पुन्हा उलली होती. सिस्टर पट्टी बांधता बांधता माझ्याकडे एकदाही बघेना. मी जीपच्या मागे जाऊन रडले. लाज वाटली, दुसरं काय.

दुसऱ्याच दिवशी जीप मिस्त्रींकडे नेली आणि सांगितलं, असा पिवळा मारा की आंधळ्यालाही दिसला पाहिजे. त्यांनी हळदीला लाजवेल असा मारला. आम्ही पुन्हा चढ चढलो. पाडा पुन्हा रिकामा! या वेळी तर आजींना शेजारच्या एका बाप्याने पाठुंगळी घेऊन पळवलं होतं. थोड्या वेळाने तोच त्यांना घेऊन धापा टाकत परत आला. "रंग काय, कोनी बी लावंल," तो म्हणाला. "आवाज तं तोच हाय ना, गार्डाच्या गाडीचा."

खरंच होतं. नाल्यापाशी गाडी आली की कोणाची ते पाड्यावर बसून ओळखतात ही माणसं. काका स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागले. "हसताय काय? उतरा खाली!" मी खेकसले. मग मीच उतरले.

इंजिनाचा आवाज बदलत नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं. मग एकच उपाय उरला. नाल्यापासून मी पुढे चालायचं, ओरडत, आणि मागून काकांनी पहिल्या गिअरमध्ये जीप आणायची. "पळू नका गं, दवाखान्याची आहे!" आठवड्यातून दोनदा, भर उन्हात. गाडी घेतली आणि बाई चालतेय, असं म्हणून ऑफिसात माझी यथेच्छ टिंगल झाली. करा म्हटलं.

पहिल्या गिअरमध्ये रेंगाळून जीप तापायची. काका रेडिएटरच्या झाकणाला फडकं लावून थांबायचे आणि मी पाण्याच्या नावाने शंख करायचे. एकदा वर पोचलो तर दोन बाया पाण्याचा हंडा घेऊन आधीच उभ्या. "तुमची गाडी तानेजली आसंल," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या पाड्यावर कोणी पळालं नाही.

आजींची जखम आधी रुपयाएवढी झाली, मग वालाएवढी. पुढे एके दिवशी सिस्टरने पट्टी सोडली, टाच दाबून बघितली आणि नवी पट्टी काढलीच नाही. आजींनी पाय जमिनीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग थेट हुकूम केला, "मना बयनीकडं सोडा." बहीण डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावर. जखम झाल्यापासून भेट नव्हती. आम्हालाही तिथे दवाखाना सुरू करायचाच होता. आजी पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या.

पलीकडच्या पाड्याच्या वळणावर नेमकं तेच झालं. मोळ्या टाकून बाया पळत सुटल्या. मी दार उघडते न उघडते तोच आजींनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ए गो! पळता कुटं? माजी गाडी हाय ही!"

तरी त्या थांबेनात. तेव्हा आजी खाली उतरल्या. दोन्ही पाय नीट टेकवून, पदर खोचून, त्या जीपच्या पुढे चालायला लागल्या, हात वर करून, ओरडत.

काकांनी पहिला गिअर टाकला. मी उतरले नाही. आजींच्या टाचेकडे बघत बसून राहिले.