दामूभाऊंनी नेलेले रविवार

दामूभाऊ गेल्याची बातमी त्यांच्या जावयाने आणली. रविवार होता. मी बाजाराची यादी करत बसले होते आणि मनोहर आत दाढी करत होते. जावयाने स्कूटर फाटकाशीच उभी केली. 'काकू, पप्पा गेले. झोपेतच...' एवढं म्हणून तो रडायला लागला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, कुसुमताईंजवळ कोण आहे, नागपूरला कळवलं का, बर्फ सांगितला का, हे सगळं विचारून घेतलं. आणि हे विचारत असतानाच माझ्या मनात आलं, की चला, आता रविवार मोकळा झाला. मनात आलं तसं लिहिते आहे. पंचवीस वर्षं ज्या माणसाने माझे रविवार नेले, त्याच्याबद्दल याहून वेगळं काही आधी सुचलं असतं तर ते खोटं असतं.

मग आत जाऊन मी मनोहरना सांगितलं. त्यांच्या एका गालाला साबण होता. त्यांनी तो पुसला नाही की धुतला नाही, हातात वस्तरा तसाच धरून मोरीच्या कट्ट्यावर बसले. साबण वाळला तरी बसलेलेच. मी दारात उभी राहून बघत होते आणि विचार करत होते... मी गेले तर हा माणूस असा बसेल का?

नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते आहे, कारण 'हे' आणि 'ह्यांना' करत बसले तर वाचकांना निम्मा लेख कळायचा नाही. लग्नानंतर आम्ही खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, आणि दामोदर खडतकर, म्हणजे दामूभाऊ, आमच्या मागच्या रांगेत. ते आणि मनोहर कारखान्यात एकाच सेक्शनला होते, बारूद भरण्याच्या कामावर. मी पोस्टात काउंटरवर. दामूभाऊ मूळचे वर्ध्याकडचे. उंच, हाडकुळे, आणि बोलायला असे की भाजीवाली त्यांच्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकायची. त्याच बाईशी रोज घासाघीस करून मी कोथिंबीर मिळवत असे. आमचं बिनसायला सुरुवात तिथूनच झाली म्हणा.

सायकलींचं खूळ पासष्टच्या लढाईनंतरचं. वाचनालयातल्या कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात स्पेन देशातली चित्रं होती. डोंगरातला नागमोडी रस्ता, दगडी घरांची गावं, दारात बसलेल्या म्हाताऱ्या, बकऱ्या आणि त्यातून वाकून सायकली हाणणारी माणसं. दामूभाऊंनी ते मासिक आमच्याकडे आणून मनोहरपुढे उघडलं. 'बघ, हे लोक इतक्या दूर जाऊन काय पाहून राहिले? हा तर आपला कुंडमचा रस्ता आहे. फक्त बकऱ्या जाड्या आहेत.' मनोहर हसले. लग्नाला पाच वर्षं झाली होती, त्यांना असं खदखदून हसवणं मला जमलं नव्हतं. पुढच्याच रविवारी दोघं कारखान्यात न्यायच्या त्याच काळ्या, जड सायकली घेऊन निघाले, साग आणि साजाच्या जंगलातून चढत गोंडांच्या गावांपर्यंत गेले, आणि संध्याकाळी धुळीने लाल होऊन परतले. त्यानंतर कारखान्याने सोडलेला प्रत्येक रविवार त्या रस्त्याचा झाला.

मी अडवलं नाही. मी पिशवी भरून देत असे. पंक्चरचं सामान, पाना, पंप, पराठे, कांदा, चहापत्ती, साखर, एक पातेलं. माझ्या यादीत सहसा काही सुटत नाही. पण मनोहर एकदा बोलता बोलता म्हणाले, की वर चहा करायचा तर विस्तव मागून आणावा लागतो. बारूदवाल्यांच्या खिशात माचिस नसते. फाटकावर रोज झडती व्हायची. माचिस, बिडी सगळं बाहेर. ती सवय इतकी हाडात मुरलेली की सुट्टीच्या दिवशीही या माणसांना माचिस उचलायचं सुचत नसे. मग चढ संपला की दामूभाऊ जवळच्या गोंडाच्या घरी जाऊन निखारा मागत. निखाऱ्याबरोबर खाट टाकली जाई, गप्पा होत, चहा त्यांच्याच अंगणात उकळे आणि घरातल्या सगळ्यांना मिळे. मला हे सगळं कळलं तेव्हा मी काय केलं? पुढच्या रविवारी पिशवीत माचिस टाकली. संध्याकाळी ती जशीच्या तशी परत आली. दामूभाऊ स्वतः द्यायला आले होते.

'वहिनी, ही नका देत जाऊ.'

'का? विस्तव मागत हिंडायचं ते कशाला?'

'माचिस असली तर कोणाच्या घरी जायचं काहून?'

'मग पराठेही नका नेऊ. तेही मागून खा.'

'अच्छा आयडिया आहे,' दामूभाऊ म्हणाले. आणि त्यांनी खरंच ते सुरू केलं. माझे पराठे त्या घरी द्यायचे आणि त्यांचा कोदोचा, म्हणजे तिथल्या भरड धान्याचा, भात खायचा. मी मात्र पहाटे उठून पराठे लाटतच राहिले.

एकाहत्तरच्या लढाईत सगळ्यांच्याच सुट्ट्या बंद झाल्या. काचांना काळे कागद, सायकलींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. मनोहर यायचे, जेवायचे, आडवे व्हायचे आणि उठून पुन्हा जायचे. पुष्कळ दिवसांनी एक रविवार मिळणार असं कळलं. मी ठरवून ठेवलं, ग्वारीघाटला जायचं, नावेत बसायचं, येताना सदर बाजारात काहीतरी खायचं. खुर्चीवर साडी काढून ठेवली होती. उजाडता उजाडता बाहेर घंटी वाजली आणि मनोहर बूट बांधू लागले.

'अहो, आज ग्वारीघाट ठरलंय.'

'हो का?'

'हो का काय? बुधवारपासून सांगतेय.'

दामूभाऊ दारातूनच म्हणाले, 'वहिनी, नर्मदा कुठे पळून नाही चालली.'

'आणि कुंडम पळून चाललंय?'

यावर ते हसले नाहीत. सायकल भिंतीला टेकवून आत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, 'हा चार दिवसांपासून झोपून नाही राहिला. डोळे लावून पडून राहते फक्त. तुम्हाला माहीत आहे का?'

मला माहीत नव्हतं. आमच्या खाटा एकमेकींना लागून होत्या. मध्ये हात मावला नसता. आणि ही गोष्ट मला मागच्या रांगेतल्या माणसाकडून कळत होती. 'यांनी सांगितलं का तुम्हाला?' मी विचारलं. 'सांगायला कशाला पाहिजे,' दामूभाऊ म्हणाले, 'कामावर हात दिसतात न याचे.' मनोहर मान खाली घालून बूटच बांधत होते. ते दोघं गेले. मी साडी कपाटात ठेवली. दामूभाऊंचं म्हणणं खरं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचा फार उपयोग झाला नाही, उलट राग वाढला. परत आल्यावर मनोहर जे झोपले ते दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शिटीची वेळ होईपर्यंत.

लढाई संपल्यावर पहिल्या सुट्टीला मी म्हटलं, मीपण येते. माझ्याकडे लेडीज सायकल होती, रोज पोस्टात त्याच सायकलने जात होते. दामूभाऊ लगेच म्हणाले, 'चला न.' पुढे मनोहर, मध्ये दामूभाऊ आणि बरीच मागे मी. चढावर मी उतरून ढकलत गेले. ते दर वळणावर थांबायचे आणि मी पोहोचले की पुढे निघायचे, त्यामुळे विश्रांती त्यांना मिळायची, मला नाही. वर त्यांच्या नेहमीच्या घरी पोहोचलो तर घरची बाई अंगणात कोदो कांडत होती. तिने मुसळ थांबवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग दामूभाऊंकडे.

'आज तीन जने? ये कौन?'

'ये मालकिन हैं. जिनके पराठे तुम लोग खाते हो.'

'अच्छा, वो आप हैं,' ती म्हणाली. 'नमक कम डालती हो, बाई.'

दामूभाऊ निखारा आणायच्या निमित्ताने चुलीकडे पळाले. मी मनोहरकडे बघितलं. इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन या माणसाने मीठ कमी आहे असं एकदाही म्हटलं नव्हतं. ती तक्रार या डोंगरावर, या अंगणात, तिऱ्हाइतासमोर झाली होती. 'मी नाही, दामू बोलला होता,' मनोहर म्हणाले. तेही खोटं, कारण दामूभाऊंना अळणी असो की खारट, सगळंच गोड लागायचं, हे आमच्या रांगेत सगळ्यांना माहीत होतं.

पण मिठाचं मी विसरले. विसरले नाही ते दुसरंच. चहा झाल्यावर ते दोघं अंगणाच्या कडेला, जिथून खालचा रस्ता दिसतो तिथे जाऊन बसले. कोणी काही बोललं नाही. खूप वेळ. एकाने काडी उचलून जमिनीवर रेघ ओढली, दुसऱ्याने ती पायाने पुसली... बस. घरी मनोहर गप्प असत तेव्हा ते एकटेच गप्प असत आणि मी बोलत असे. इथे दोघं मिळून गप्प होते. ते मला कसं मिळवायचं, हे मला कळत नव्हतं. त्यासाठी पिशवीत काय भरून द्यायचं असतं?

उतरताना दामूभाऊंनी माझ्या कॅरिअरला सागाची एक मोठी फांदी बांधली. 'ब्रेकवर भरोसा नका ठेवू वहिनी, ही ओढत न्या.' फांदी खरखरत, धूळ उडवत मागे येत होती आणि सायकल खरोखर आवरत होती. ते दोघं फांदीशिवाय केव्हाच खाली गेले होते. मला पुन्हा या असं कोणी म्हटलं नाही, आणि नका येऊ असंही नाही. मीही विचारलं नाही.

दामूभाऊंच्या पत्नी, कुसुमताई, यांचं मला नेहमी नवल वाटे. त्यांना या रविवारांचं काहीच वाटत नसे. 'बरं होते न, घर झाडता येते,' असं म्हणायच्या. पुढे आम्ही शहरात विजय नगरला घर बांधलं, खडतकर अधारतालला गेले. दोघं रिटायर झाले. मला वाटलं आता तरी संपेल, पण संपलं नाही. कुंडम जमेना तेव्हा घाटाच्या पायथ्यापर्यंत, तेही जमेना तेव्हा खमरियाच्या पुढच्या नाल्यापर्यंत. शेवटी शेवटी दामूभाऊ नुसतेच येत, सायकल आमच्या दाराशी लावत, आणि दोघं ओट्यावर बसत. बोलायचे नाहीतच.

ते गेल्यावर लोक भेटायला आले ते आमच्याकडे. मनोहरचा हात धरून बसत. जणू सांत्वन करायचं ते त्यांचंच. तेरवीला कुसुमताईच मनोहरना म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्ही सांभाळा स्वतःला.' मी शेजारी पत्रावळी मोजून घेत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि बघायचं कारणही नव्हतं, हे मला मान्य आहे.

त्यानंतरचे काही रविवार मनोहर ओट्यावर एकटे बसले. ज्या रिकाम्या रविवारांची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते हे असे होते. मी ग्वारीघाट म्हटलं, ते 'बघू' म्हणाले. सिनेमा म्हटलं, 'बघू' म्हणाले. मग गेल्या रविवारी मी दोन्ही सायकलींत हवा भरली, माझी सीट पुसली आणि म्हटलं, 'चला, नाल्यापर्यंत जाऊन येऊ.' त्यांनी पायाने चपला ओढल्या. मग उठले.

खमरियाच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसे ते पुढे आणि मी लगेच मागे, कारण आता त्यांचा वेगही माझ्याइतकाच झाला आहे. थोडं गेल्यावर मनोहरचा डावा हात हँडल सोडून पाठीमागे आला, कमरेशी, पंजा उघडा, बोटं खाली. मला वाटलं पाठ दुखते आहे. पुढच्या क्षणी माझं चाक खड्ड्यात आपटलं. पुढे पुन्हा तो हात मागे आला आणि डावीकडे हलला. या वेळी मी उजवीकडे झाले आणि खड्डा माझ्या डाव्या बाजूने निघून गेला. तेव्हा कळलं. पुढचा मागच्याला रस्ता सांगतो. त्या एका खेपेला मी इतकी मागे होते की हे दिसलंच नव्हतं. पंचवीस वर्षं त्या हाताच्या मागे दामूभाऊंचं चाक असायचं.

मनोहरना आपण हात मागे नेतो आहोत हे ठाऊक नसावं. मागे कोण आहे हे तर त्या हाताला नक्कीच ठाऊक नव्हतं. नाल्याशी उतरल्यावर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की अहो, तुमचा हात... पण मी पाण्याची बाटली काढून दिली आणि गप्प बसले. विचारलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं, आणि येताना हात हँडलवरच राहिला असता. येताना तो आणखी कितीदा तरी मागे आला. मी सगळे खड्डे चुकवले.

उद्या रविवार आहे. मी सायकलींत हवा भरून ठेवली आहे.