डोंगरावरची रिकामी खोली

बटाटे आणि सफरचंदं साठवायच्या शीतगृहात तो वीस वर्षं मुकादम होता. बाहेर माणसं घामानं निथळत असताना हा कानटोपी, हातमोजे आणि दोन स्वेटर चढवून काम करायचा, म्हणून सगळे त्याला थंडोबा म्हणत. मेहुणा तर दर उन्हाळ्यात हटकून म्हणायचा, "भावजी, चार दिवस आम्हालाही ठेवा की बटाट्यांशेजारी." थंडोबा हसायचा. संध्याकाळी घरी आल्यावर शर्टाची बटणं काढायला बोटं वळत नाहीत, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्याच्या वाट्याला उकाडाच नाही, त्यानं कुठल्या तोंडानं तक्रार करायची?

उकाडा होता तो बायकोच्या वाट्याला. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दुपारी छत तापायचं आणि ती त्याखाली शिलाई मशीन चालवत बसायची. कापड उडतं म्हणून पंखा बंद. हवा अशी दमट, की वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. पाठभर घामोळं. थंडोबाला वर्षाकाठी आठ दिवसांची सुट्टी मिळायची, आणि कधी नव्हे ते यंदा तिनं स्वतःहून ठिकाण सांगितलं होतं: डोंगर. तिथं काय बघायचंय, असं लेकीनं विचारलं, तर म्हणाली, बघायचं काही नाही, पांघरूण घेऊन झोपायचंय.

थंडोबानं डोंगरावरच्या लॉजला फोन लावला. खोली होती. मालक मोठ्या हौसेनं सांगू लागला, इथं भर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. ते ऐकूनच थंडोबाची बोटं आखडली. विचार करून कळवतो म्हणत त्यानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "सगळं भरलंय. समुद्रावर मिळतेय एक खोली."

तिनं हातातली भाजी चिरून संपवली. मग म्हणाली, समुद्र तर समुद्र, पोरीला डुंबायला मिळेल.

लेक खरोखरच पाण्याबाहेर निघेना. थंडोबा तापलेल्या वाळूत मनगटापर्यंत हात खुपसून बसायचा. बायको खोलीत, मानेवर ओला टॉवेल टाकून. इथली हवा घरच्यापेक्षाही चिकट होती. तिनं एका शब्दानं कुरकुर केली असती, तरी त्याला हायसं वाटलं असतं. उलट तीच विचारायची, बरं वाटतंय ना तुम्हाला?

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लेक बाहेर पळाली, तेव्हा बायकोनं त्याचा हात हातात घेतला आणि मूठ मिटवून पाहिली.

"बघा, बोटं मिटताहेत. घरी बटणं काढायला किती वेळ लागतो तुम्हाला, मला दिसत नाही होय? बरंच झालं डोंगरावर जागा नव्हती ते."

"होती," तो म्हणाला. "खोली होती."

तिनं हात सोडला. ताटं गोळा केली, पुन्हा खाली ठेवली.

"बोटं दुखतात एवढं सांगितलं असतंत, तर मीच तुम्हाला इथं आणलं असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तेवढंही करू दिलं नाहीत मला."

उद्याच तिघं डोंगरावर जाऊ, असं तो घाईघाईनं म्हणाला. तिघांनी नको, ती म्हणाली. तिनं लॉजचा नंबर मागून घेतला, स्वतः फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं एकटीच गेली. लग्नानंतर ती एकटी कुठं गेली नव्हती. बस सुटेपर्यंत, पोरीला दुपारचं उन्हात सोडू नका, तिचे केस नीट पुसत जा, एवढंच सांगत होती.

पुढच्या दुपारी तिचा फोन आला. आज नऊ वाजेपर्यंत झोपले, म्हणाली, कुणी उठवायला आलं नाही. पाठीची आग थांबलीय. मग तिनं विचारलं, "बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत," तो म्हणाला.

खरंच बरी होती. मांडीवरचा मोकळा हात सहज मिटत होता, उघडत होता. त्या हाताकडे त्याला बघवेना.