पाण्याच्या पाळीचा तक्ता

काचबिंदूनं डोळे गेल्यापासून फोनच मला वाचून दाखवतो. आमच्या शिंदखेड्याजवळच्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लागतात. त्यांचा तक्ता धाकटा भाऊ ग्रुपवर टाकतो. "तक्ता टाईप कर, प्रत्येक रकान्याला मथळा दे, म्हणजे फोन नाव, वार, वेळ नीट सांगतो," असं मी त्याला बजावलं. त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, एकदा तसं केलंही.

या खेपेला मात्र त्यानं कागदावरच्या तक्त्याचा फोटो टाकला. फोन नुसता "चित्र" म्हणाला. माझी पाळी निघून गेली, कपाशी कोरडी राहिली.

"भाऊ, फोटो बठ्ठास्ले चांगला दिसस," तो म्हणाला. "तुम्ही इचारी लेवानं व्हतं."

माझ्याच पाण्यासाठी मी दारोदार विचारत फिरू? त्याच्या 'बठ्ठ्यांत', म्हणजे सगळ्यांत, मी नव्हतो, आणि हा माझा सख्खा भाऊ.